राजीनाम्याला ८५ दिवस का लागले?

महाराष्ट्राचे तत्कालीन अन्न व नागरी पुरवठामंत्री धनंजय मुंडे यांनी ४ मार्च २०२५ रोजी राजीनामा दिला. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या ९ डिसेंबर २०२४ ची. मधले ८५ दिवस कोणाची वाट पाहिली जात होती? राजीनाम्याच्या आदल्या रात्री हत्येची छायाचित्रे घराघरांत पोहोचली, लोक हादरले आणि मग चक्रे फिरली. म्हणजे आरोपपत्र पुरेसे नव्हते, चित्र दिसावे लागले. राजीनाम्यामागे प्रकृतीचे कारणही पुढे केले गेले, हे तर मनाला फारच लागले. या हत्येप्रकरणी मुंडे यांच्यावर गुन्हा नाही, हे खरे. पण मुख्य आरोपी वाल्मिक कराड त्यांच्या निकटचा असताना तपास सुरू असेपर्यंत तरी त्यांनी पदापासून दूर राहायला हवे होते. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर आर. आर. पाटील यांना काही दिवसांतच गृहमंत्रिपद सोडावे लागले होते.

त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. राजीनाम्यावर उमटलेल्या प्रतिक्रिया जातीच्या चष्म्यातून वाचल्या गेल्या. एका बाजूला विजय, दुसऱ्या बाजूला अन्याय. बीडमध्ये शेजारी राहणाऱ्या दोन समाजांना यातून काय मिळणार? सरपंचाचा खून हा साऱ्या गावाचा खून आहे, तो कोणत्या एका जातीचा नाही. राजीनाम्याने देशमुख कुटुंबाला न्याय मिळालेला नाही. खटला रोज चालावा आणि साक्षीदारांना निर्भयपणे बोलता यावे, यासाठी सरकारने आता काय केले ते विधानसभेत सांगावे.

– एक वाचक