अरबी समुद्रात तेलविहिरी की पवनचक्क्या?

महोदय,

अरबी समुद्रात नव्या तेलविहिरी खोदाव्यात की त्याच पैशांत पवनचक्क्या उभाराव्यात, या विषयावर सध्या जे लिहिले-बोलले जाते, त्यात तेल आणि वारा म्हणजे एकाच दुकानातली दोन वाणे असून गिऱ्हाइकाने एक उचलून दुसरे परत ठेवायचे आहे, असे गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात पवनचक्की फक्त वीज देते. मुंबईसमोरच्या समुद्रातील ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्राचे तेल मात्र शुद्धीकरण कारखान्यांत जाते आणि तिथला वायू उरणमार्गे घरगुती सिलिंडरपासून थळच्या खत कारखान्यापर्यंत पोचतो. खंबातच्या आखातात उद्या शेकडो पाती फिरू लागली, तरी सातपाटीच्या बोटीला लागणारे डिझेल त्यांतून निघणार नाही. तेव्हा तुलना करायचीच, तर ती नव्याने गुंतवायच्या रुपयाची आणि त्या रुपयापायी अडणाऱ्या समुद्राची करावी, असे मला वाटते.

मुंबई हायचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या तरंगत्या यंत्रणेला मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले आणि मे १९७६ मध्ये उत्पादनही सुरू झाले. १९८९ च्या सुमारास ते शिखरावर होते. त्यानंतर उतार लागला. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, आणि म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये या जुन्या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक साहाय्याकरिता निवड झाली. हे मला योग्यच वाटते, कारण समुद्रातून तेल काढायचे फलाट उभे आहेत, नळ टाकलेले आहेत आणि तिथे आणखी तेल निघाले, तरी समुद्राचा नवा तुकडा फारसा अडत नाही. माझा आक्षेप आहे तो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात नवे गट, म्हणजे तेलासाठी राखायचे समुद्राचे नवे तुकडे, शोधण्याला.

या तेलाची किंमत पंपावरच्या दरफलकावर दिसत नाही. २७ जुलै २००५ रोजी, ऐन पावसाळ्यात, एका मदतनौकेवरच्या आचाऱ्याची बोटे कापली गेली आणि त्याला उपचारासाठी फलाटावर घेण्याकरिता नौका जवळ आणली गेली. लाटांच्या माऱ्यात ती तेलवायूच्या उभ्या नळाला धडकली, आग लागली आणि सुमारे दोन तासांत मुंबई हाय नॉर्थचा मुख्य फलाट नाहीसा झाला. २२ माणसे गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात तेलक्षेत्रातल्या कामगारांचा पी-३०५ हा तराफा आणि ‘वरप्रदा’ ही ओढनौका बुडाली, तेव्हा मृतांचा आकडा ८० च्या वर गेला. लहानसहान खूणही आम्हाला दरवर्षी भेटते. मे अखेरीस वारा फिरला की केळव्याच्या वाळूत सुपारीएवढ्या काळ्या डांबरगोळ्या येऊन पडतात. त्या चपलेच्या तळाला चिकटल्या की रॉकेल किंवा खोबरेल घेऊन घासत बसावे लागते, आणि जाळ्याला लागल्या तर तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो. अशा गोळ्यांचे मूळ शोधताना शास्त्रज्ञांनी टँकरांची गळती आणि तेलक्षेत्रे या दोहोंकडे बोट दाखवले आहे.

आता वाऱ्याकडे. समुद्री पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ चे. २०२२ पर्यंत ५,००० मेगावॉट असे उद्दिष्ट २०१८ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ उजाडले तेव्हा आपल्या समुद्रात एकही पाते फिरत नव्हते. जून २०२४ मध्ये केंद्राने गुजरात व तमिळनाडूसमोर प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी एकूण ७,४५३ कोटी रुपयांची तूटभरपाई योजना (प्रकल्प परवडण्यात जी तूट पडते ती सरकारने भरून देण्याची) मंजूर केली; त्यातले ६,८५३ कोटी प्रत्यक्ष पवनप्रकल्पांसाठी आहेत. या १,००० मेगावॉटमधून वर्षाला सुमारे ३७२ कोटी युनिट वीज मिळेल, असा सरकारचा अंदाज आहे. मेगावॉटमागे जवळपास सात कोटींचा आधार दिल्याशिवाय गुंतवणूकदार पुढे येत नाही, हे पवनऊर्जेच्या समर्थकांनी, म्हणजे मीही, मोकळेपणाने मान्य करावे. त्यात गुजरातकडच्या खंबातचा वारा तमिळनाडूकडच्या मन्नारच्या आखाताइतका जोरकसही नाही.

तरीही माझे पारडे वाऱ्याकडे झुकते, त्याचे एक कारण पावसाळा आहे. आपल्याकडे वारा सर्वांत जोरात वाहतो तो जून ते ऑगस्ट, म्हणजे शेतीपंप थंडावतात तेव्हा. टीकाकार हाच दोष म्हणून दाखवतात. पण कोयना धरणातून विजेसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वार्षिक मर्यादा घातलेली आहे. पावसाळ्यात वाऱ्याने भार उचलला, तर त्या कोट्यातले पाणी मार्च-एप्रिलच्या संध्याकाळच्या मागणीसाठी राखता येईल. शिवाय एक गोष्ट तेलाबाबत कधीच म्हणता येणार नाही: पवनचक्की मोडून पडली, तर ती मालकाला बुडवेल, पण किनारा काळा करणार नाही.

मात्र कोळ्याच्या दृष्टीने पवनचक्की निरुपद्रवी आहे, हा समज चुकीचा आहे. तेलफलाटाभोवती ५०० मीटरचा मज्जाव असतो, तो तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, ठाऊक आहे. पवनक्षेत्रात खांब एकमेकांपासून किलोमीटरभर दूर आणि मधले पाणी मोकळे दिसते, परंतु खांबांना जोडणाऱ्या केबली तळाखाली पुरलेल्या असतात. डोल म्हणजे एका जागी बांधून ठेवायचे पिशवीसारखे जाळे; त्याची कव, म्हणजे खुंट, त्याच तळात खोल ठोकावी लागते. दालद्याची, म्हणजे पाण्यात तरंगत सोडायची, जाळी वरच्यावर निघून जातील. डोलवाल्याला तिथे जागाच उरणार नाही. गुजरातने निवडलेला पट्टा पिपावावसमोरचा आहे आणि त्याच्या शेजारचे जाफराबाद हे डोलीच्या बोंबलाचे बंदर आहे. आमच्याकडे पालघर आणि वसई-उत्तनच्या मच्छीमारांत कवींच्या जागेवरून वर्षानुवर्षे वाद चालत आला आहे. त्यात वाढवण बंदराची भर पडलीच आहे. या गर्दीत आणखी एक भागीदार येणार असेल, तर त्याने आधी विचारून यावे.

नॉर्वेने २०२२ च्या अखेरीस तरंगत्या पवनचक्क्यांची वीज थेट आपल्या तेलफलाटांना पुरवायला सुरुवात केली, त्यामुळे फलाटावर जाळला जाणारा वायू वाचतो. मुंबई हायला सुमारे ७५ मीटर पाणी आहे. आपल्या वादळांचा आणि मंद वाऱ्याचा हिशेब करून तिथे असा छोटा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. समुद्रात काम करायचे कसब असलेली माणसे आणि नौका तिथे आहेतच.

समुद्री पवनऊर्जेच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा किनारा नाही, ही मला संधी वाटते. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सोसायट्यांकडून डोल, दालदी आणि कवींच्या जागा हंगामानुसार नकाशावर उतरवून घ्याव्यात. ३१ जुलैपर्यंतच्या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत बोटी वर काढलेल्या असतात आणि तांडेल घरी भेटतात. या कामाला तोच काळ सोयीचा. तेलाचा नवा गट असो की वाऱ्याचा, निविदेच्या कागदांसोबत हा नकाशा मराठीतून जोडलेला असावा, एवढी माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक, केळवे (जि. पालघर)