गाडी बघायची ती सकाळी, थंड असताना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, तुम्ही घ्यायची म्हणताय ती जुनी मर्सिडीज बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. शनिवारी संध्याकाळी जा, ती सपाट फरशीवर उभी करून घ्या, आणि रविवारी सकाळी साडेसातला पुन्हा जा. दुपारपर्यंत विकणाऱ्याने तिला दोन चकरा मारून आणलेलं असतं. बसलेलं सस्पेन्शन वर आलेलं असतं, इंजिन गरम, बॅटरी भरलेली आणि फरशीवरचा तेलाचा थेंब पुसलेला. मर्सिडीज जीएलएस 350 डी या गाडीचे महागडे आजार बहुतेक सगळे असे आहेत, की गाडी रात्रभर उभी राहिल्याशिवाय ते तोंड वर काढत नाहीत.

गाडी मुळात चांगली आहे, हे आधी सांगते. 2016 साली ती भारतात आली तेव्हा किंमत 80 लाखांच्या पुढे होती. आपल्याकडच्या गाड्यांची जुळणी चाकणलाच झालेली आहे. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, 258 अश्वशक्ती, 620 न्यूटन-मीटर जोर, नऊ गियरचा ऑटोमॅटिक. अडीच टनांच्या आसपास वजन असूनही आंबा घाट ती सात माणसं घेऊन न कण्हता चढेल. पण एक हिशेब डोक्यात पक्का ठेवा. गाडीची किंमत उतरली आहे, पार्टांची उतरलेली नाही. पुढच्या चाकाचा एक एअर स्ट्रट, म्हणजे गाडी तोलणारा हवेचा खांब, आजही 80 लाखांच्या गाडीचाच पार्ट आहे.

तर सस्पेन्शन. या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चारही चाकांवर रबराचे हवेचे बलून आहेत. पुढे बलून आणि शॉकअप मिळून एकच स्ट्रट असतो, मागे बलून वेगळा आणि शॉकअप वेगळा. रबराला वयानुसार घडीच्या जागी बारीक चिरा पडतात आणि हवा झिरपू लागते. आपल्याकडचा पावसाळी चिखल त्या घडीत वाळून बसतो आणि पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. म्हणून कोकणात फिरलेल्या गाडीचे बलून नुसत्या किलोमीटरवरून जोखता येत नाहीत.

शनिवारी इंजिन बंद केल्यावर पंधरा मिनिटं थांबा आणि चारही चाकांना मोजायची टेप लावा. चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये कागदावर लिहा. रविवारी सकाळी हीच चार मापं पुन्हा घ्या, पण गाडी अनलॉक करण्याआधी. दार उघडलं की यंत्रणा जागी होते आणि गाडी स्वतःला सावरायला बघते, मग माप खोटं येतं. हवा गार झाल्यावर आकसते, त्यामुळे चारही कोपरे सारखेच थोडेसे खाली आले असतील तर त्यात काही नाही. एकच कोपरा दोन बोटं खाली बसला असेल तर तो बलून गेला, किंवा त्याच्या नळीचा जोड गळतोय. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही बसले असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉकवरही, म्हणजे बलूनांना हवा वाटून देणाऱ्या ठोकळ्यावरही, संशय घ्या. साबणाचं पाणी फवारलं की गळती कुठे आहे ते बुडबुडे सांगतात.

मग इंजिन सुरू करून कान द्या. बलूनांत हवा भरणारा कॉम्प्रेसर घुमतो, गाडी उचलते आणि तो गप्प बसतो. मिनिटभरात हे व्हायला हवं. तो घुमतच राहिला, खरखरला किंवा डॅशबोर्डवर गाडी खाली असल्याचा इशारा आला, तर समजा की बलून गळत असताना कॉम्प्रेसरने कित्येक महिने जास्तीचं काम केलंय. इथे एक नेहमीची फसवणूक होते, आणि ती मुद्दाम केलेली असतेच असं नाही. कॉम्प्रेसर जळाला म्हणून नवा बसवतात, बिलही दाखवतात, पण तो ज्या गळतीमुळे जळाला ती तशीच राहते. नवाही वर्ष-दीड वर्षात त्याच वाटेने जातो. कॉम्प्रेसरचं ताजं बिल पुढे आलं तर पहिला प्रश्न हा विचारा: बलून कधी बदलले? आणि कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा स्विच, तोही सोबत बदलला होता का? चिकटलेला रिले नव्या कॉम्प्रेसरला बंदच होऊ देत नाही. बाबा, वाकून खाली बघायचं असेल तर बघा, पण हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंग घालू नका. हवा गेली की ती सांगून खाली येत नाही.

इंजिन सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर नमस्कार करून परत या, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवं. चार-पाच सेकंद थरथरून मग सुरळीत झालं तर एखादा ग्लो प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिनाला सुरुवातीला ऊब देणारा प्लग, मेलेला असू शकतो. प्लग स्वतः महाग नाही, पण काजळीने जाम होऊन हेडमध्ये अडकला आणि काढताना तुटला तर काम वाढतं. सुरू होताना निळा धूर म्हणजे तेल जळतंय.

आता तेलाची गळती. या इंजिनात सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन रांगांत, व्ही आकारात बसवलेले आहेत, आणि त्या व्हीच्या खोबणीत, इनटेक (हवा आत घेणाऱ्या नळ्या) आणि टर्बोच्या खाली, तेल थंड करणारा ऑइल कूलर आहे. त्याची दोन रबरी सीलं उष्णतेने कडक होतात, तेल खोबणीत साठतं आणि मागच्या बाजूने, इंजिन आणि गियरबॉक्सच्या सांध्यावरून टपकतं. नवखा मेस्त्री ते बघून क्रँकचं मागचं सील गेलं म्हणतो आणि गियरबॉक्स उतरवायला निघतो. सीलं किरकोळ किमतीची आहेत, पण तिथपर्यंत हात पोचायला वरचा अर्धा संसार सोडवावा लागतो. मजुरीच खरी. सुरुवातीच्या वर्षांतली नारंगी सीलं बदनाम होती. नंतर जांभळी आली, ती जास्त टिकतात, आणि तुमच्या गाडीत तीच असणार. पण आठ-नऊ वर्षांच्या रबराची हमी कोण देणार? टॉर्च घेऊन सांध्याखाली बघा, आणि रात्री त्या जागी फरशीवर एक पांढरा पुठ्ठा ठेवायला सांगा.

याच खोबणीत, तळाशी, इनटेकच्या झडपा फिरवणारी एक छोटी मोटर आहे. टर्बोच्या तोंडाशी ब्रीदरचं, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं, जे सील असतं ते झिजलं की तेलाचे थेंब बरोबर त्या मोटरवर पडतात. मोटर बंद पडली की इंजिन ताकद आवरून घेतं आणि घाटात ट्रकच्या मागे रांगावं लागतं. म्हणून चाचणी घेताना एका चढावर पाय पूर्ण दाबून बघा. चढ नसेल तर चाचणी अपुरी.

सर्व्हिसचे कागद मागताना नुसते शिक्के बघू नका, काय घातलं ते वाचा. इंजिनात आठ लिटरच्या आसपास तेल बसतं आणि ते मर्सिडीजच्या 229.51 किंवा 229.52 या मानकाचं, कमी राखेचं असावं लागतं. बिलावर नुसतं पाच-डब्ल्यू-तीस, म्हणजे तेलाचा घट्टपणा, लिहिलंय आणि मानक नाही, तर ते कुठलंही असू शकतं. गियरबॉक्सचं तेल सव्वा लाख किलोमीटरला बदलायचं असतं, 236.17 मानकाचं. घाटात वापरायच्या गाडीत मी ते ऐंशी हजारालाच बदलेन. ‘हे तेल आयुष्यभर चालतं’ असं कुणी म्हणालं तर कुणाच्या आयुष्यभर, एवढंच विचारा. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. आणि मर्सिडीजचं स्टार डायग्नोसिस, म्हणजे कंपनीचं दोष शोधायचं यंत्र, ज्याच्याकडे आहे असा बाहेरचा मेकॅनिक सोबत न्या. दोनशे रुपयांच्या ब्लूटूथ यंत्राला इंजिनचे थोडेफार कोड दिसतात, सस्पेन्शन आणि गियरबॉक्स त्याला नीट वाचताच येत नाहीत.

कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल तर 2019 आणि 2021 चे पूर डोळ्यांपुढे ठेवा. या गाडीत बॅटरी बॉनेटखाली नाही, पुढच्या सीटखाली जमिनीत आहे. गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली जीएलएस वरून चकाचक करता येते, आतून नाही. सातही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. जिथे कुणी साबण लावत नाही त्या टोकाला चिखलाची रेघ राहते. गालिचा उचलून खालचा फोम दाबा. फक्त पुढच्या कोपऱ्यात ओल असेल तर पुराला दोष देण्याआधी सनरूफच्या पाणी जाण्याच्या नळ्या बघा, त्या पाचोळ्याने तुंबतात.

टायरवर डीओटीच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांपुढचे टायर मी किमतीत धरणार नाही, चारही नवे घ्यायचे समजून भाव करा. हवेचा दाब इंधनाच्या झाकणाच्या आतल्या पट्टीवर छापलेला आहे. सात माणसांचा आकडा वेगळा असतो, तोच पाळा. आणि स्टेपनी आहे का, हे विचारू नका, उघडून बघा.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुमच्या इनोव्हा क्रिस्टात इंडिकेटर उजव्या हाताला आहे. या गाडीत उजव्या हाताचा दांडा म्हणजे गियर आहे. वर ढकलला की रिव्हर्स, खाली ढकलला की ड्राइव्ह, टोकाचं बटण दाबलं की पार्क. इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डावीकडच्या एकाच दांड्यावर आहेत. वळताना सवयीने उजवा हात गेला की गाडी न्यूट्रलला पडते, इंजिन नुसतं गुरगुरतं आणि मागून येणारा हॉर्न वाजवतो. वेगात असताना ती रिव्हर्स घेत नाही, पण चौकात सरपटत असताना घेऊ शकते. पहिले दोन दिवस मोकळ्या मैदानात डावी-उजवी वळणं घ्या, दर वेळी इंडिकेटर देऊन. पन्नास वळणांत हात वळतो. उतारावर स्टिअरिंगमागचं डावं पॅडल ओढून खालचा गियर घ्या. एवढं वजन नुसत्या ब्रेकवर उतरवलं तर पायथ्याला पोचेपर्यंत चाकांतून वास येतो.

लांबी 5130 मिलिमीटर, म्हणजे तुमच्या क्रिस्टापेक्षा 395 ने जास्त. आरसे उघडे धरून रुंदी 2141. वळायला 12.4 मीटरचा घेर लागतो. आपल्या गल्लीच्या वळणावर पाटलांच्या कट्ट्यापासून समोरच्या खांबापर्यंत मोजून घ्या. डिझेलची टाकी शंभर लिटरची आहे. शहरात लिटरला सात-आठ किलोमीटर, महामार्गावर दहा-अकरा धरा.

आई, तू सोबत जाच, आणि नेहमीच्या साडीत जा. मधल्या रांगेत तीनदा चढ आणि तीनदा उतर. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. फूटबोर्ड असेल तर दिसायला छान, पण पावसात ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चप्पल घसरते. त्यावर रबराच्या गुट्ट्या आहेत का आणि वरचं हँडल तुझ्या हाताला येतं का, ते बघ. मागच्या रांगेत जायला मधली सीट बटणावर हळूहळू दुमडते. नातवंडांची बोटं त्या वेळी तिथे नकोत. सातही सीट भरल्या की डिक्कीत 295 लिटर जागा उरते, म्हणजे दोन बॅगा आणि आंब्याची एखादी पेटी. तिसरी रांग पाडली तर 680. गावी जाताना माणसं की सामान, हे घरूनच ठरवून निघावं लागेल.

कागद थोडक्यात. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30. कर्ज फिटलं असेल तर 35 आणि बँकेचं पत्र. दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी (ना हरकत दाखला), आणि इथला रोड टॅक्स नव्याने. दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त दिसते त्याचं कारण तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर आणलेल्या बंदीत आहे, गाडीत नाही, पण कर जोडून बघा. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेट लागलेली हवी. किल्ल्या दोन्ही घ्या, दोन्हीने सुरू करून बघा. या गाडीच्या किल्लीची डुप्लिकेट नाक्यावर होत नाही.

घेतलीत, तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास महामार्गावर न्या. मंडई आणि देऊळ एवढंच करायचं असेल तर हे डिझेल इंजिन काजळीने तुंबेल आणि बॅटरीही कधी पूर्ण भरणार नाही. महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर चार्जर लावून ठेवा. जोडायची टोकं बॉनेटखाली दिलेली आहेत, सीट उचलायची गरज नाही.

माझं मत विचाराल, तर मापं जुळली, पुठ्ठा कोरडा निघाला आणि आई विनातक्रार उतरली, तरच बयाणा द्या, आणि भाव करताना पुढचे दोन स्ट्रट, चार टायर आणि एक बॅटरी यांचं लेखी कोटेशन खिशात ठेवा. यातलं एक जरी चुकलं तर क्रिस्टा अजून पाच वर्षं आरामात चालेल.

माप घ्यायला सुताराची लोखंडी टेप न्या. आईची शिवणाची नको, ती लवते आणि दहा मिलिमीटर इकडेतिकडे होतात.

तुमची,
ताई