सुई टळली, भूल नाही टळली

मा. संपादक,
स. न.

डोळ्यातील रक्तवाहिन्यांचे सुईशिवाय चित्रण करणाऱ्या ओसीटी अँजिओग्राफीविषयी हल्ली बरेच लिहून येते. यंत्र चांगलेच आहे. पण रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग, झालेल्या बाळाचे आईवडील ते वाचून येतात आणि विचारतात, ‘मग आता भूल नको ना?’ भूल लागतेच, आणि कित्येकदा रंगाचे इंजेक्शनही.

जुन्या पद्धतीत फ्लोरेसिन नावाचा रंग शिरेतून देतात. प्रमाण किलोमागे सुमारे 7.7 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोच्या बाळाला 10 टक्के द्रावणाचा जेमतेम पाऊण मिलिलीटर. लघवी पिवळी होते, कधी उलटी होते, अंगावर पित्त उठते; क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी येते. नव्या पद्धतीत रंग नाही. दृष्टिपटलाच्या एकाच रेषेवरून काही मिलिसेकंदांच्या अंतराने प्रकाश पुन्हा फिरवला जातो. आजूबाजूची उती जागची हलत नाही, रक्तकण पुढे सरकतात. दोन प्रतिमांत जिथे फरक पडला तिथे रक्त वाहते आहे, असे यंत्र धरते.

मेख इथेच आहे. जे जे हलले ते त्याला रक्त वाटते. मोठी माणसे हनुवटी टेकवून ठिपक्याकडे काही सेकंद बघत राहतात. दीड वर्षाचे बाळ कसे बघणार? म्हणून भूल, आणि आडव्या बाळावर वाकवता येईल असे हाती धरायचे किंवा दांड्यावरचे यंत्र. टेबलावरचे इथे बिनकामाचे. भूल हलकी पडली की डोळा वर चढतो. श्वासागणिक डोके किंचित हलते आणि चित्रावर पांढरे आडवे पट्टे उमटतात. पापण्या चिमट्याने उघड्या धरलेल्या असल्याने कॉर्निया (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा) सुकतो, चित्र धुरकट येते. यंत्राला नावे ठेवण्याआधी सलाईनचे दोन थेंब टाकून बघावेत.

चित्र स्वच्छ आले तरी ते वाचणे अवघड. या गाठीत कॅल्शियम साठते. त्याच्या खाली प्रकाश पोहोचत नाही, तो भाग काळा दिसतो, आणि ‘रक्तपुरवठा थांबला, गाठ मेली’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. उलट, वरच्या थरातील वाहिन्यांची छाया खालच्या थरात उमटून नसलेल्या वाहिन्याही दिसतात. फार उंच गाठ चौकटीत मावत नाही, कडेची गाठ आवाक्यात येत नाही. वाहिनीतून होणारी गळती तर दिसतच नाही; तिच्यासाठी फ्लोरेसिनच.

मग उपयोग कुठे? लेझरनंतरच्या व्रणाच्या कडेला नव्या वाहिन्या उगवताहेत का हे पाहताना, आणि केमोथेरपीनंतर गाठीकडे जाणाऱ्या जाड, नागमोडी वाहिन्या बारीक झाल्या का हे ताडताना. किरणोत्सारी चकती डोळ्याला लावून उपचार करतात (मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-106 ची देशी चकती तयार केली आहे), त्यानंतर दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूजवळच्या केशवाहिन्या झडू लागल्या तर या चित्रात त्याची चाहूल लवकर लागते. बाळाला तपासणीसाठी दर काही आठवड्यांनी भूल द्यावी लागतेच; त्याच वेळी तीच जागा त्याच मापाने टिपली तर मागच्या चित्राशी तुलना करता येते. सुट्या एका चित्रावर आम्ही फारसा भरवसा ठेवत नाही.

निदान मात्र या यंत्राचे काम नाही. डोळ्यात सुई घालून तुकडा काढला तर कर्कपेशी बाहेर पसरू शकतात, म्हणून बायोप्सी टाळतात. आनुवंशिक प्रकारात किरणांमुळे पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका असल्याने सीटीऐवजी एमआरआय करतात. त्यामुळे निदानाचा मुख्य आधार भुलेखालची दृष्टिपटल-तपासणी आणि सोनोग्राफी. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसली किंवा तिरळेपणा नव्याने आला, तर पालकांनी ओसीटी अँजिओग्राफी कुठे होते हे शोधत बसू नये. थेंब टाकून, बाहुली मोठी करून दोन्ही डोळे तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावे.

– बालनेत्रविभागात काम करणारे काही डॉक्टर, पुणे