गॅस लॉची गणितं शिकवणाऱ्या आमच्या ताईंना थँक्यू

ताई, तुम्ही एमएस्सीला पुण्याला गेल्या आणि तुम्हाला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहिते.

अकरावीत बॉईल, चार्ल्स, गे-लुसॅक, ॲव्होगॅड्रो असे चौघांचे चार फॉर्म्युले पाठ होते पण पेपरात कोणता कुठे लावायचा ते काही केल्या कळत नव्हतं. तुम्ही नागपुरात नंदनवनच्या घरी कूलरसमोर बसवून एकच ओळ लिहिली, पीव्ही = एनआरटी (पी म्हणजे प्रेशर, व्ही व्हॉल्यूम, एन म्हणजे गॅस किती मोल आहे ते, टी केल्विनमधलं टेम्परेचर आणि आर ठरलेला आकडा), आणि म्हणाल्या, जे बदलत नाही ते आधी खोड. एन आणि टी खोडले की बॉईल, एन आणि पी खोडले की चार्ल्स, एन आणि व्ही खोडले की गे-लुसॅक, आणि पी-टी खोडले की ॲव्होगॅड्रो. मला वाटतं हे पहिल्याच दिवशी शिकवायला पाहिजे.

केल्विनचंही, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून येणाऱ्या टेम्परेचरचंही, तसंच. 20 डिग्रीचं 40 झालं म्हणजे टेम्परेचर डबल नाही, 293 चं 313 झालं, म्हणजे सातेक टक्केच वाढलं, हे तुम्ही समजावलं तेव्हापासून 273 मिळवायला कोणी आठवण करून द्यावी लागत नाही. आणि एका मोलचे 22.4 लिटर फक्त 0 डिग्री आणि 1 ॲटमॉस्फिअरलाच, आपल्या नागपूरच्या मे महिन्यात 45 डिग्रीला तोच मोल 26.1 लिटर होतो, हे तर तुम्ही माझ्याकडूनच काढून घेतलं नं! प्रेशर ॲटमॉस्फिअरमध्ये, व्हॉल्यूम लिटरमध्ये असेल तर आर 0.0821, पास्कल आणि घनमीटर असेल तर 8.314, हे वहीच्या पहिल्या पानावर अजून तुमच्याच अक्षरात आहे.

सगळ्यात भारी मात्र टायरचं गणित. गेजवर 32 पीएसआय (प्रेशरचं युनिट) दिसतं ते बाहेरच्या हवेच्या वरचं, म्हणून त्यात 14.7 मिळवून 46.7 घ्यायचं, मग 15 डिग्रीला भरलेला टायर 45 ला गेला, आतली हवा आणि व्हॉल्यूम तेवढंच धरलं, तर 46.7 गुणिले 318 भागिले 288, म्हणजे 51.6, त्यातून 14.7 परत वजा, गेजवर 37 च्या आसपास. बाबांना करून दाखवलं तर ते लगेच म्हणाले, म्हणूनच टायर थंड असताना हवा चेक करायची असते.

ताई, मनापासून थँक्यू. दिवाळीला घरी आल्या की सांगा, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची वही घेऊन येते.