उत्पादन वाढले, गावाचे काय?

संपादक महोदय,

शेती-पशुपालनाच्या चर्चेत उत्पादन किती वाढले एवढेच ऐकू येते. त्यातला किती पैसा गावातच फिरला, हे कोणी विचारत नाही. पीक हंगामाला पैसे देते, दुभते जनावर जवळपास रोज देते, वर शेणखत. म्हणून अडीनडीला लहान शेतकऱ्याचा गोठाच कामी येतो. कंत्राटी कुक्कुटपालनात मात्र पिल्ले आणि खाद्य सहसा कंपनीचे, शेडचे कर्ज शेतकऱ्याचे! करार थांबला तरी हप्ता थांबत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर गोल्डश्मिट यांनी १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातील दोन गावांची तुलना केली होती. लहान शेतांच्या दिनूबात दुकाने, शाळा, उद्याने जास्त. मोठ्या शेतांच्या आर्विनमध्ये बहुतेक लोक मजूर. शेते मोठी तिथे गावजीवन दुबळे, असा त्यांचा निष्कर्ष. आर्विन नवे गाव, तिथे सोयी उभ्या राहायला वेळच कमी मिळाला, असे आक्षेप या निष्कर्षावर घेतले गेले, आणि ते अगदीच गैर नाहीत. तरी मोठ्या पशुपालन प्रकल्पांना अनुदान देण्यापूर्वी गावात किती रोजगार टिकेल, मलमूत्राची विल्हेवाट कोण लावणार आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी, हे ग्रामसभेपुढे लेखी मांडणे सक्तीचे करावे.

– एक वाचक