माझी भाची दोन्ही रकान्यांत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला तो लेख मी दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा चहा गार झाल्यावर. लेखात काय होतं ते सांगत बसत नाही, तुम्हीच छापलाय. ट्रान्स स्त्रियांचे म्हणे दोनच प्रकार, आणि कोण कुठल्या प्रकारात हे ठरतं तिला कोण आवडतं यावरून. शेजारी रंगीत तक्ता. पुरुष आवडत असतील तर गुलाबी रकाना. बायका आवडत असतील, दोन्ही आवडत असतील किंवा कुणीच आवडत नसेल, तर निळा. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. तीन वेगळी उत्तरं एकाच रकान्यात कोंबून आणणाऱ्या मुलाला मी वहीसकट बाकावर परत पाठवलं असतं. तुम्ही त्याला पाऊण पान दिलंत.

तक्त्याचा फोटो काढून मी भाचीला पाठवला. माझ्या भावाची मुलगी, बंगळूरला असते. दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं: ‘आत्या, मी कुठे बसू? आपण दोघी तर दोन्हीकडे बसून आलोय.’

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून हे पत्र.

गोष्ट २०१० ची. भाची २३ वर्षांची, इंजिनिअर झालेली, आणि घरात अजून ‘भाचा’च. भावाने बोलणं टाकलेलं. संप्रेरकांची औषधं सुरू करायची तर मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आणा, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो, स्वारगेटला उतरलो, रिक्षा केली. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काचेची पेटी होती आणि तिच्यात एकच मासा. डॉक्टर बोलायला सभ्य. त्यांच्यापुढे छापील इंग्रजी फॉर्म. मला आत बसू दिलं. ‘आपण आई?’ म्हणाले. ‘आत्या,’ मी म्हटलं. त्यांनी तेसुद्धा लिहून घेतलं.

लहानपण विचारलं, शाळा विचारली, बहिणीचे कपडे कधी घातले होते का ते विचारलं. मग विचारलं, आवडतं कोण? पोरीने खरं सांगितलं. म्हणाली, मुली.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मला ते टोपणच आठवतं. टक्‌ असा आवाज झाला. म्हणाले, ‘मग अडचण काय आहे? पुरुष म्हणून राहा, लग्न करा, सुखात राहा.’ त्यानंतर टोपण परत काढलं आणि साडी नेसल्यावर अंगात काय होतं, हा प्रश्न माझ्यादेखत विचारला. मी साठीकडे झुकलेली बाई, ती माझ्या मांडीवर वाढलेली पोर. ती उघड्या दारातून बाहेरच्या माशाकडे बघत राहिली. डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले आणि खाली रेघ मारली. पत्र दिलं नाही. फी घेतली.

परतताना स्वारगेटला उसाचा रस घेतला. तिथे ती म्हणाली, ‘आत्या, पुढच्या वेळी मी पुरुष आवडतात असं सांगणार. सगळ्याजणी तसंच सांगतात. खरं सांगून कुणाला पत्र मिळालंय?’

मी शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलांना अंगठे धरून उभं केलेलं आहे. पण दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना एसटी खंबाटकीजवळ आली होती, तेव्हा मीच तिच्या उत्तरांची उजळणी घेत होते. ‘कोण आवडतो म्हणून विचारलं तर एखाद्या नटाचं नाव तयार ठेव.’ ‘कुणाचं?’ मला चटकन सुचला देव आनंद. ती इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघायला लागल्या. ‘आत्या, माझ्या वयाच्या मुलीने देव आनंद म्हटलं तर डॉक्टरांना नक्की संशय येईल.’ शेवटी हृतिक रोशन ठरला. पाऊण तासात टाइप केलेलं पत्र हातात पडलं, शिक्क्यासकट.

तर संपादक महाशय, एकच मुलगी, दोन महिन्यांचं अंतर. एका फायलीत निळी, एका फायलीत गुलाबी. बदललं काय? नट.

आता तुमच्या लेखकांचं म्हणणं की या सिद्धान्ताला ‘भक्कम आकडेवारी’ आहे. आहे की. या सिद्धान्ताचे कर्ते, मानसशास्त्रज्ञ रे ब्लँचर्ड यांनी टोरांटोच्या क्लार्क इन्स्टिट्यूटमध्ये लिंगबदलासाठी येणाऱ्यांना प्रश्नावल्या दिल्या. १९८५ च्या त्यांच्या निबंधात १६३ जणांची उत्तरं आहेत. बायका आवडणाऱ्या, दोन्ही आवडणाऱ्या किंवा कुणीच न आवडणाऱ्या गटांतल्या ७३ टक्क्यांनी बायकी कपड्यांनी कधी ना कधी उत्तेजना आल्याचं सांगितलं, फक्त पुरुष आवडणाऱ्यांच्या गटात १५ टक्क्यांनी. फरक मोठा आहे, नाकारत नाही. त्यावरून दोन प्रकार केले आणि १९८९ मध्ये दुसऱ्याला नाव दिलं ऑटोगायनेफिलिया, म्हणजे स्वतः स्त्री असल्याच्या कल्पनेनेच उत्तेजित होणं. पण गणिताच्या मास्तरीणबाई विचारणार, ७३ गेले, उरलेले २७ कुठे? आणि त्या पंधरांचं काय? समर्थकांचं उत्तर तयार असतं. नाही म्हणणारे २७ म्हणजे लपवणारे, आणि हो म्हणणारे १५ म्हणजे चुकीच्या रकान्यात घुसलेले. हो म्हटलं तर सिद्धान्त खरा, नाही म्हटलं तर रुग्ण खोटा. असं प्रमेय मला मिळालं असतं तर माझ्या वर्गात कुणी नापास झालं नसतं.

एक कबूल करते, नाहीतर तुमचे लेखक मला पकडतील. लोक खोटं बोलतात, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. माझी भाची बोलली, आणि मीच शिकवलं. पण ते खोटं कुठून आलं? तिच्या मनातल्या कुठल्या गाठीतून नाही आलं. ते टेबलाच्या पलीकडून आलं, टोपण लागल्याचा आवाज झाला तिथून. टोरांटो काय, पुणे काय, पत्र द्यायचं की नाही हे ज्याच्या हातात, उत्तरंही तोच मोजणार. मग परीक्षा कुणाची चाललीय?

खोटं पकडायला त्यांच्याकडे यंत्रही होतं. कुर्ट फ्रॉइंड हे मूळचे प्रागचे डॉक्टर. सक्तीची सैन्यभरती टाळायला खोटंच समलिंगी असल्याचं सांगणारे तरुण शोधण्यासाठी चेकोस्लोव्हाकियाच्या लष्कराला त्यांची पद्धत हवी होती. चित्रं दाखवायची आणि पुरुषाच्या अवयवाला जोडलेल्या उपकरणावर रक्तप्रवाह मोजायचा. हे गृहस्थ पुढे टोरांटोला आले आणि त्याच संस्थेत काम करू लागले. १९८६ मध्ये तिथेच बायकांचे कपडे घालणाऱ्या पुरुषांवर ही मोजणी करून, तोंडाने नाही म्हणणाऱ्यांचं शरीर हो म्हणतं असा निबंध निघाला. लष्करी भरतीचं यंत्र माणसाला स्वतःची ओळख सांगायला वापरायचं, आणि तुमचे लेखक त्याला ‘वस्तुनिष्ठ’ म्हणतात.

लेखातलं सगळ्यात मजेचं वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. आशियाई समाजांत निळा प्रकार कमी आढळतो, कारण इथे व्यक्तिवाद कमी. हे त्यांच्या पदरचं नाही, ॲन लॉरेन्स यांचा २०१० चा निबंध आहे, वेगवेगळ्या देशांतले आकडे शेजारी ठेवून केलेला. लॉरेन्स स्वतः डॉक्टर आणि स्वतः ट्रान्स स्त्री. त्या म्हणतात की हे वर्णन मला लागू पडतं. त्यांचं त्यांना माहीत, मी कोण नाही म्हणणारी. पण आमच्याकडे निळा प्रकार कमी का दिसतो, त्याचं एक कारण मी तुम्हाला सातारा-पुणे एसटीत बसून सांगू शकते. त्याला हृतिक रोशन म्हणतात.

आणि जे लेखात असायला हवं होतं ते नाहीच. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स मोझर यांनी २००९ मध्ये असलीच प्रश्नावली जन्मापासून बाई असलेल्या बायकांना दिली. २९ जणींची उत्तरं आली. सैल मोजपट्टी लावली तर ९३ टक्के निळ्या रकान्यात, कडक लावली तरी २८ टक्के. नमुना छोटा आहे, आणि प्रश्न तेच नव्हते असा आक्षेप लॉरेन्स यांनी घेतलाय, तोही मी लिहिते, म्हणजे एकांगी म्हणायला नको. पण पैठणी नेसून, नथ घालून, सगळं घर आधीच खाली गाडीत बसलेलं असताना आरशासमोर दोन मिनिटं जास्त उभी न राहिलेली बाई मला दाखवा. मला या वयात याहून जास्त लिहायला लावू नका.

त्याऐवजी अर्धा रकाना कशाला दिला? तर २००३ मध्ये याच सिद्धान्ताची तळी उचलणाऱ्या मायकेल बेली यांच्या पुस्तकावरून अमेरिकेत जो राडा झाला त्याला. बेलींच्या मुलांचे फोटो घेऊन विरोधकांकडून जे केलं गेलं ते हिणकसच होतं, त्यात दुमत नाही. पण कुणी हलकटपणा केला म्हणून सिद्धान्त बरोबर ठरतो का? आणि त्यात पुस्तकाविरुद्ध उभ्या राहिलेल्या लिन कॉन्वे यांना तुम्ही ‘एक आक्रमक कार्यकर्ती’ म्हणून मोकळे झालात. त्या बाईंना लिंगबदल करणार म्हणून आयबीएमने १९६८ मध्ये काढून टाकलं होतं. कंपनीने माफी मागितली ती २०२० मध्ये, ५२ वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी कार्व्हर मीड यांच्याबरोबर संगणकाच्या चिप कशा रचायच्या त्याची रीतच बदलून टाकली. तुमची पुरवणी ज्या संगणकावर लागते तो ज्या विद्येतून आला, तिच्यात त्या आक्रमक कार्यकर्तीचा हात आहे. २०२४ मध्ये त्या गेल्या. तेव्हा तुमच्याकडे दोन ओळीही दिसल्या नाहीत.

‘मानसशास्त्राने मान्य केलेलं वर्गीकरण’ हे तर अर्धवट. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तकात ट्रान्स व्यक्तींच्या निदानाला, कोण आवडतं त्यानुसार, शेपूट जोडायची पद्धत होती, ती २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत या निदानातून काढली. ऑटोगायनेफिलिया हा शब्द तिथे उरलाय तो दुसऱ्याच एका निदानाखाली, आणि तो भाग ठरवणाऱ्या उपसमितीचे प्रमुख होते ब्लँचर्डच. जागतिक आरोग्य संघटनेने तर हा सगळा विषयच मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढला, २०२२ पासून ते लागू आहे. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

शब्दांचंही तेच. पुरुषाबरोबर संसार करणाऱ्या ट्रान्स बाईला हे लोक जन्माच्या नोंदीवरून ‘समलिंगी’ म्हणतात आणि मैत्रिणीबरोबर घर थाटलेल्या माझ्या भाचीला ‘भिन्नलिंगी’. मोजपट्टी उलटी धरली की असं होतं. तुमच्या लेखकांनी तीही उलटीच धरली, आणि पाऊण पानभर प्रत्येक बाईला ‘तो’, ‘त्याला’, ‘त्याचे’ असं छापलं. मुद्रितशोधकांच्या नजरेतून सुटलं म्हणावं तर एवढ्या वेळा सुटत नाही.

यावरून आठवलं. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या पेठेतल्या पाण्यावर मी पत्र लिहिलं होतं. ते तुम्ही छापलंत, आभारी आहे. मुद्द्याचे दोन परिच्छेद कापलेत तेही सोडून देते. पण खाली नाव छापलंत ‘श्री.’ लावून. त्यानंतर महिनाभर भाजीवाल्यापासून देवळातल्या गुरुजींपर्यंत सगळे मला ‘काय श्री.?’ म्हणत होते. दुरुस्ती छापा म्हणून मी फोन केला तर पलीकडच्या मुलाने विचारलं, ‘काकू, एवढ्याने काय फरक पडतो?’ तेव्हा मीही हसून फोन ठेवला. भाचीला सांगितलं तर ती हसली नाही.

या वेळी नाव छापू नये, तिच्यासाठी. खाली फक्त ‘एक वाचिका, सातारा’ असं असावं. कृपया ‘वाचक’ करू नका.

आपली,
एक वाचिका, सातारा