शेडमधल्या लाइटला तिसरी वायर कुठंय?

संपादक साहेब,

पावसाळा आला की शेडमध्ये नाहीतर खांबात करंट उतरून कोणीतरी गेल्याची बातमी तुमच्याच पेपरात वाचायला मिळते. मी पुण्यात वायरमनचं काम करतो, परमिट आहे, आणि सोसायट्यांमध्ये गाड्यांसाठी केलेल्या पत्र्याच्या शेडखाली ज्या पद्धतीने लाइट लावले जातायत ते बघून अक्षरशः जीव घाबरतो म्हणून हे लिहितोय.

शेड म्हणजे सगळा लोखंडी कारभार, खालून वरपर्यंत पाइप, अँगल, पत्रा एकमेकाला वेल्डिंगने आणि स्क्रूने जोडलेला, त्यामुळे एका टोकाला वायर सोलून पाइपला टेकली की दुसऱ्या टोकाच्या खांबाला हात लावणाऱ्यालाही शॉक बसतो. आणि पोरं तर त्याच खांबांना धरून गोल गोल फिरत असतात! मागच्या महिन्यात एका सोसायटीत बघितलं, दोनच वायरी पाइपला पीळ देऊन नेलेल्या, वर बाइंडिंग तार आवळलेली, जॉइंटला नुसती काळी टेप आणि उन्हाने तीही सुटून लोंबत होती, अर्थिंगची हिरवी वायर शोधून सापडली नाही. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, अहो एलईडी आहे, 20 वॅटचा, त्याला कशाला अर्थिंग. साहेब, दिवा कितीही वॅटचा असो, वायरीत येतात ते 230 व्होल्टच.

लोकांना वाटतं एमसीबी आहे ना, मग पडेल की तो. पण एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी असतो, माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला कळतसुद्धा नाही कारण जीव जायला अँपिअर लागत नाहीत, पन्नास-शंभर मिलीअँपिअरही पुरू शकतात. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, लागतो आणि जोडीला शेडच्या सांगाड्याला अर्थिंग लागतं. दोन्ही पाहिजेत, कारण अर्थिंग असेल तर लोखंडात करंट आल्या आल्या आरसीसीबी पडतो, नसेल तर बऱ्याचदा कोणीतरी हात लावेपर्यंत तो वाट बघत बसतो.

बाकी काम काही फार अवघड नाही. वायर 1.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची, पीव्हीसी पाइपातून न्यायची, फिटिंग आयपी 65 चं, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारं, घ्यायचं, आणि ते पत्र्याला न चिकटवता खालच्या आडव्या पाइपवर लावायचं, मे महिन्यात पत्रा इतका तापतो की आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं सर्किट, वर्षभरात जातो, मग सगळे एलईडीला नावं ठेवतात. फिटिंगमध्ये वायर शिरते तिथे ती आधी थोडी खाली झोल देऊन मग वर घ्यायची म्हणजे पत्र्यावरून ओघळलेलं पाणी त्या झोलावरून खाली ठिबकतं, आत जात नाही. एवढी साधी गोष्ट, पण करतो कोण! आणि पत्रा बदलायला फॅब्रिकेटर आला की त्याला वायर कुठून गेलीये ते आधी दाखवा, त्याचा स्क्रू थेट वायरीत घुसलेला मी बघितलाय.

कमिटीवाले खर्चाचं बोलतात. खरं तर 20 वॅटचे 8 लाइट रात्री 11 तास जळले तरी पावणेदोन युनिटच होतात, सेन्सर लावला तर अजून कमी, म्हणजे बिलाची चिंता नकोच. पण कोटेशन घासताना कात्री लागते ती नेमकी अर्थिंग आणि आरसीसीबीला, कारण ते वरून दिसत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांतही बल्ब-फ्युज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर वायरिंगचं काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून आणि परमिटवाल्या माणसाकडूनच करून घ्यायचं असं आहे, तरी वॉचमनच्या ओळखीचा कोणीतरी येतो आणि संध्याकाळपर्यंत लाइट लावून जातो.

माझी सगळ्या कमिट्यांना हात जोडून विनंती आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत शेडचं वायरिंग एकदा तपासून घ्या. आणि मीटरच्या खोलीत आरसीसीबी असेल तर त्यावरचं टी लिहिलेलं बटण दाबा, लाइट जाते म्हणून आधी लिफ्टमध्ये कोणी नाही हे बघा, आणि खटका खाली पडला नाही तर आरसीसीबी त्याच दिवशी बदला.

एक वायरमन, सिंहगड रोड, पुणे